तण तुमचं, ओळी आमच्या

निंदणीच्या दिवसांत हाताला जो वास लागतो, तो साबणानं जात नाही. ओल्या मातीचा, चिरडलेल्या केन्याचा, तांदुळज्याच्या लाल देठाचा. जेवायला बसलं तरी घासाबरोबर तोंडापर्यंत येतो. मुलगा म्हणत होता, बाबा, सोयाबीनवर फवारणी झालीय, आता निंदायला उरलंय काय, घरीच बसा. मी ऐकलं नाही. फवारा कितीही मारा, बांधाच्या कडेला, दगडांच्या आडोशाला तण राहतंच. तिथं उकिडवा बसलो, मूठभर उपटलं आणि हात नाकाशी नेला. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण मला हसू आलं. एकट्या म्हाताऱ्यानं शेतात बसून हसावं हे चांगलं दिसत नाही. दिसत नाही तर नाही.

देवका, माझी बायको, मागच्या हिवाळ्यात गेली. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. दुःख नटवून सांगायला मला येत नाही. वाईट वाटतं तर वाटतं. सकाळी चहा दोन कप होतो आणि एक सांडावा लागतो, एवढं सांगून मी मोकळा. पण निंदणीचे दिवस आले की मला ती आजारपणातली आठवत नाही, पदर खोचून, हातात विळा घेऊन बसलेली आठवते. आणि आठवतो तो एक पावसाळा. आमच्या तुकईथड गावाकडं सोयाबीन तेव्हा नवंनवं होतं. खाली नदीकडं केळी, वर टेकडीकडं कपाशी, एवढंच लोकांना माहीत. मी अजून नवरदेवाच्या तोऱ्यात होतो आणि ती आमच्या घरात नवीन होती.

आमच्याकडं तेव्हा सासरा सुनेशी थेट बोलत नसे. सून समोर आली की पदर नाकापर्यंत, आणि जे सांगायचं ते सासूमार्फत. आमच्या घरात सासूच नव्हती, आई मी लहान असतानाच वारली. मी घरी असलो तर आबा, म्हणजे माझे वडील, मला सांगायचे आणि मी तिला. मी नसलो की पंचाईत. मग आबांनी तोड काढली. अंगणात हिऱ्या नावाचा बैल बांधलेला असायचा, त्यालाच सांगायचं.

"काय रे हिऱ्या, आज भाकरीला उशीर दिसून राहिला."

आतून देवका बैलालाच उत्तर द्यायची. "हिऱ्या, मालकाला सांग, सरपण ओलं आहे."

हिऱ्या रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायचा. एकदा बुऱ्हाणपूरहून आबांचा मावसभाऊ मुक्कामाला आला होता. दोन दिवस हा कारभार पाहिला आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, तुझ्या बापाला एकदा कोणाला तरी दाखव.

देवकाचं माहेर खंडव्याकडं. तिकडं सोयाबीन आमच्या आधी आलं होतं. तिनं लग्नाआधी ते पेरलेलं, निंदलेलं, कापलेलं. आमच्या टेकडीकडच्या पट्टीत कपाशी गुडघ्याच्या वर जात नाही हे तिनं पहिल्याच वर्षी पाहिलं आणि एका उन्हाळ्याच्या संध्याकाळी, आबा बाजेवर बसलेले असताना, तिनं हिऱ्यासमोर पेंड ठेवता ठेवता विषय काढला. पट्टीत सोयाबीन घेऊन पाहावं, आणि एक साल ती पट्टी माझ्याकडं द्यावी. 'माझ्याकडं' असं म्हणाली. मी दारात उभा होतो. सुनेनं जमीन मागायची म्हणजे काय. तिच्या जागी मी असतो तरी मागितली नसती, आणि मी तर मुलगा होतो.

आबांनी बिडी पेटवली. मग बैलाकडं पाहून बोलले, "एक साल, हिऱ्या. जमलं नाही तर पुन्हा कपाशी. आणि मग शेतीच्या गोष्टीत चुलीनं बोलायचं नाही."

ठरलं ते एवढंच. पट्टी काही मोठी नव्हती, दगड-गोटे निम्मे. पण त्या घरात तिचं म्हणावं असं तोवर माहेरची एक पत्र्याची पेटी तेवढी होती. ही पट्टी गेली असती तर तिचं तोंड जन्मभर चुलीकडं राहिलं असतं. हे मला कळत होतं, तिला तर फारच कळत होतं. तिच्या भावानं बियाणं छोट्या लाईनच्या आगगाडीनं आणून दिलं. पोत्यात हात घालून ती दाणे वर काढायची आणि पुन्हा सोडायची. गोल, पिवळे, गुळगुळीत. मला म्हणाली, पाहा, मोत्यासारखे आहेत. मी म्हटलं, वाटाण्यासारखे आहेत. ती म्हणाली, तुम्हाला मोती कुठं माहीत.

पेरणीलाच घोळ झाला. तिचं म्हणणं होतं, ओळी जवळजवळ घ्या. पण आबा जन्मभर कपाशी पेरलेला माणूस. ओळ म्हणजे दोन हातांचं अंतर, हे त्यांच्या हाडात. पेरायच्या पाभरीचे फण त्याच मापाचे. त्या वर्षांत आमच्याकडं ज्यानं ज्यानं पहिलं सोयाबीन टाकलं, त्यानं ते कपाशीसारखंच टाकलं. मोकळं, ऐसपैस, मधून माणूस हात हलवत चालत जाईल असं. कपाशीला ते शोभतं, ती पुढं पसरते. सोयाबीनचं झाड ठेंगणं. त्याला शेजार लागतो. एका ओळीचं पान दुसऱ्या ओळीच्या पानाला भिडलं की खाली सावली पडते, आणि सावलीत तणाचं काही चालत नाही. देवकानं हे हिऱ्याला सांगून पाहिलं. आबांनी हिऱ्याला सांगितलं, तिकडचं तिकडं. पाभर चालली आणि पट्टीभर रुंद रुंद रस्ते तयार झाले.

उगवण मात्र देखणी झाली. दोन पानांची डोकी मातीतून वर आली तेव्हा देवका बांधावर उभी राहून टाळ्या वाजवायचीच बाकी होती. मग झड लागली. दिवस-रात्र पाऊस, सूर्य कुठं गेला त्याचा पत्ता नाही. शेतात पाय टाकला तर चिखल पायाला धरून ठेवायचा. दोन ओळींमधून बैलांनी तण काढायचा डवरा ओढायचा म्हटलं तर बैलच रुतायचे. आम्ही घरात बसून गळकं छप्पर सांभाळत होतो आणि तिकडं ते रस्ते भरून चालले होते.

ऊन पडलं, चिखल सुकून वापसा आला आणि आम्ही जाऊन पाहिलं, तर पट्टी हिरवीगार, डोळे निवावेत अशी. फक्त त्यात सोयाबीन शोधावं लागत होतं. केना वेलासारखा पसरलेला, तांदुळजा कमरेत हात ठेवून उभा, घोळ जमिनीला चिकटलेली, कुर्डू, दुधी, आणि लव्हाळा तर असा की वरून उपटा, खालून पुन्हा हजर. डवरा घातला तर त्याच्या पात्यात तणाचा गुंताळा अडकून बैल जागेवर थांबले. आबा बांधावरून पाहत होते.

ह्या गोष्टीवर मी पुढं खूप विचार केला. शेतकऱ्याला विचार करायला वेळ नसतो असं लोकांना वाटतं. निंदताना दुसरं काय करणार? तणाचा राग कशाला करायचा. त्याला पण तीच माती, तेच पाणी, तेच ऊन. ते पण जगायलाच आलंय. फरक एवढाच की ते बिनबोलावता येतं आणि आधी पसरतं. आणि सोयाबीनचा खरा जीव पहिल्या महिन्या-दीड महिन्यात असतो. तेवढ्यात जे दाबलं गेलं, त्याला मागून कितीही मोकळं करा, ते उभारी धरत नाही. पुढं मोठं झालं, पानं भिडली, की मग तण आलं तरी फार बिघडत नाही. मला वाटतं घरात आलेल्या नव्या सुनेचं असंच असतं. पहिलं वर्ष तिला जरा मोकळी जागा द्या, मग ती स्वतःच सगळं झाकून घेते. हे शहाणपण मला आता आलं. तेव्हा मी फक्त डोकं खाजवत उभा होतो.

कारण निंदायला बाया मिळेनात. साऱ्या गावाला एकाच वेळी वापसा आलेला, सगळ्या बाया कपाशीत गेलेल्या. मी दारोदार फिरून हात हलवत परत आलो. देवका म्हणाली, तुम्ही बायांना काम मागितलं, म्हणून नाही आल्या. आणि स्वतः निघाली ती थेट शेवंताकाकूकडं. शेवंताकाकू म्हणजे गल्लीतली सगळ्यात तिखट बाई, पदरी शेळ्यांचा कळप. पावसाळ्यात सगळी शेतं पेरलेली, शेळ्या सोडायच्या कुठं, म्हणून त्या दिवसभर दावणीला ओरडायच्या आणि काकू त्यांच्यावर. देवकानं तिला सांगितलं, कपाशीतून परतताना आमच्या पट्टीत या. जेवढं उपटाल ते सगळं तुमचं. चारा शेळ्यांना, भाजी घरात.

संध्याकाळी उतरत्या उन्हात काकू आली, मागं आणखी पाच-सहा बाया, आणि प्रत्येकीच्या कमरेला रिकामी झोळी. काकूनं पट्टीवर एक नजर टाकली आणि देवकाला म्हणाली, "माय वं, तुझं तण तं सोन्यासारखं पिकलं. सोयाबीन काहून लावलं त्यात?"

सगळ्या हसल्या. देवका पण हसली. मग बसल्या ओळीला.

त्या संध्याकाळी आजही मला मिटल्या डोळ्यांना दिसतात. विळ्याचा खर्र खर्र आवाज, बांगड्यांचा किणकिणाट, मधूनच एखादीचा नवऱ्याच्या नावानं शिव्यांचा पट्टा आणि बाकीच्यांची दाद. मी तणाचे भारे उचलून बांधावर टाकायचो, म्हणून माझ्यादेखत माझीही खेचायच्या. काकू विचारायची, काय रे, तुझ्या बायकोनं तुला पण झोळी दिली का नाही? भाजीच्या तणाला त्यांचे हात वेगळे आणि चाऱ्याच्या तणाला वेगळे. तांदुळजा कोवळा पाहून वेगळ्या पदरात, घोळ वेगळी, केन्याची पानं भज्यांसाठी पोटाशी. देवका मात्र सोयाबीनच्या बुडाशी बसायची, जिथं तण रोपाला मिठी मारून असतं. तिथं विळा चालत नाही, बोटं लागतात. डाव्या हातानं रोप धरायचं, उजव्यानं तण, आणि हळूच दोघांना वेगळं करायचं. मी एकदा जोरात ओढलं आणि रोपासकट हातात आलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, पुन्हा मातीत लावलं आणि म्हणाली, तुम्ही भारेच उचला.

त्या दिवसांत गावातल्या किती घरांत रात्री तांदुळज्याची भाजी होती ते वासावरून कळायचं. लसणाची फोडणी, ज्वारीची भाकरी. मागच्या महिन्यात मीही करून पाहिली. सूनबाईनं एक घास खाल्ला, पाणी प्याली आणि म्हणाली, बाबा, उद्यापासून मी करते. खोटं कशाला सांगू, ती भाजी हिऱ्यानं पण खाल्ली नसती.

पट्टी निंदून होत आली तेव्हा आबांनी अडवलं. देवका समोर होती, हिऱ्या जुवाला होता, त्यामुळं सोय होती. बांधाकडच्या चार-पाच ओळी तशाच राहू दे, म्हणाले, तणानं काय बिघडतं ते पाहू. मी म्हटलं, आबा, कशाला. ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, मी हिऱ्याशी बोलून राहिलो. देवकानं मला डोळ्यानंच गप्प केलं. त्या ओळी राहिल्या.

आणि मग मोठी गंमत सुरू झाली. निंदलेलं सोयाबीन ठेंगणं, गुबगुबीत, बाजूला फुटवे फेकत बसलेलं. आबांच्या ओळीतलं मात्र तणातून डोकं काढून सरळ वर चाललेलं. रोज थोडं थोडं उंच. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालू झाला तोवर ते निंदलेल्यापेक्षा वीतभर वर गेलं. आबा रोज सकाळी जाऊन बघायचे आणि परत येऊन हिऱ्याच्या पाठीवर थाप मारायचे. गावातले लोक बांधावर थांबायचे, म्हणायचे, बाई, तुमचं पीक खुंटलं, म्हाताऱ्याचं बघा कसं जवानीत आलंय. शेवंताकाकूलाही धास्ती वाटली. म्हणाली, उपटायला नको होतं की काय आपण.

मला झोप लागेना. देवकाला लागायची. मी तिला उठवून विचारायचो, तुला काळजी नाही वाटत? ती कूस बदलून म्हणायची, उंच आहे म्हणून काय झालं, ते ऊन शोधून राहिलंय, पोट भरलेलं असं धावत नाही. एवढं बोलून पुन्हा घोरायची. घोरण्याचं नाव काढलं की तिला राग यायचा, म्हणून मी कधी चारचौघांत सांगितलं नाही. आता सांगतो. चांगलं, भरदार घोरायची. घर शांत झालंय ते मला अजिबात आवडत नाही.

फुलं आली, बारीक जांभळी, पानांच्या आड लपलेली. तेव्हापासून तिनं पट्टीत पाऊल टाकायला बंदी केली. मुळं दुखावली की फूल गळतं, म्हणायची. मी बांधावरून पाहायचो. तिचं ठेंगणं पीक एव्हाना बाजूला इतकं पसरलं होतं की ते रुंद रस्तेही अरुंद झाले होते. अगदी भिडलं नव्हतं, पण हात लांब करून एकमेकांना शोधत होतं. फुलपाखरं उडायची. टेकडीवरून वारा आला की पानांची उलटी, फिकट बाजू वर यायची आणि अख्खी पट्टी एकदा पांढुरकी होऊन पुन्हा हिरवी व्हायची. असं काही पाहिलं की माणसाला विनाकारण आनंद होतो. मला अजून होतो. ती नसताना होतो ह्याचं सुरुवातीला वाईट वाटलं, आता नाही वाटत. तिनंच लावलेली सवय आहे.

मला कोणी विचारतं, आबा (आता मीच आबा), हातानं निंदलेलं चांगलं का फवारलेलं? मी सांगतो, फवारा मारा. बायांचे गुडघे वाचतात, पाठी वाचतात. आमच्या काळाचं कौतुक सांगून मी कोणाला चिखलात बसवणार नाही. फक्त वेळेवर मारा, आणि ओळी जवळ घ्या.

भादव्यात दोन जोराचे पाऊस झाले आणि आबांचं उंच पीक एका रात्रीत आडवं झालं. दांडा बारीक, सुतळीसारखा, त्याला स्वतःचंच ओझं पेलवलं नाही. आबा म्हणाले, वाऱ्यानं झालं. पान गळून शेंगा पिवळ्या पडल्या. मग कापणी आली. सगळं वाळलं होतं. देवका ओळीतून कापत पुढं चाललेली, मी पेंढ्या बांधून राहिलो होतो. आबा आले. त्यांनी तिच्या ओळीतलं एक वाळलं झाड उचललं, कानाशी नेलं आणि हलवलं. खुळखुळ वाजलं, लहान मुलाच्या खेळण्यासारखं. बुडापासून शेंड्यापर्यंत शेंगाच शेंगा. मग बांधाकडं गेले, आपल्या ओळीतलं एक लांबलचक झाड उचललं, तेही कानाशी नेलं. हलवलं. पुन्हा हलवलं. शेंड्याला कुठं दोन-चार शेंगा, त्याही अर्ध्या पोचट. काही वाजेना.

पाठीमागं देवकाचा विळा थांबला होता. बैल त्या दिवशी खळ्यावर होते. मी होतो, मला सांगता आलं असतं. आबांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

"देवका," ते म्हणाले, "पुढच्या साली इथं काय पेरायचं?"

मी त्यांच्या तोंडून तिचं नाव तोवर ऐकलं नव्हतं. तिनंही नाही. पदराआडून तिचं तोंड मला दिसत नव्हतं. तिनं विळा खाली ठेवला.

"सोयाबीनच, मामा," ती म्हणाली. सासऱ्याला मामा म्हणायची आमच्याकडं रीत, पण ती हाक मारायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. "पण ओळी जवळ घेऊ. पाभरीचे फण बदलावे लागतील."

दुसऱ्याच दिवशी आबांनी पाभर माझ्या खांद्यावर दिली आणि आम्ही सुताराकडं निघालो. अर्ध्या रस्त्यात ते थांबले. म्हणाले, अंतर किती ठेवायचं ते विचारायचंच राहिलं. मी म्हटलं, एक हात म्हणाली होती. ते पुढं निघाले, पुन्हा थांबले, स्वतःचा हात कोपरापासून बोटांपर्यंत पाहिला आणि म्हणाले, कोणाचा हात? आणि वळले. मी पाभर खांद्यावर घेऊन त्यांच्यामागं.

देवका अंगण सारवत होती. आबांनी विचारलं. शेणामातीनं भरलेला हात तिनं तसाच जमिनीवर आडवा ठेवला, कोपर टेकवून, बोटं सरळ करून. आबा तिच्यासमोर उकिडवे बसले, कपाशीची एक वाळकी पळाटी तिच्या हाताला लावली आणि बोटांच्या टोकाशी कटकन मोडली.

सुतारानं ती काडी उलटीपालटी करून पाहिली. म्हणाला, हे तं लहान माप आहे, तुमचं नाही, कोणाचं आहे?

आबा म्हणाले, "मालकिणीचं."